ढगाचं भाडं

ही बाई कोण एवढी खेकसतेय, असं हवालदार अंजना रोकडेच्या मनात आलं आणि हातातला चहा तसाच धरून ती साहेबांच्या खोलीच्या दारात थबकली. आत सहायक निरीक्षक मोहसीन शेख एकटेच लॅपटॉपसमोर बसले होते. म्हणजे बाई लॅपटॉपमध्ये होती. पत्र्यावरून पहार ओढत न्यावी तसा तिचा आवाज होता. शब्द कळायच्या आधीच अंगावर येणारा. ‘गाडी काढ! काढ म्हणते ना! कानात बोळे घातलेत काय?’ अंजनाला त्या न दिसणाऱ्या गाडीवाल्याची कीव आली. एवढं काय ओरडायचं माणसावर, असं ती मनात म्हणालीसुद्धा. मग ती बाई खोकली. आधी बारीक, मग एकदम मोकळं, आणि शेवटी ‘हंऽ’ असा हुंकार. तो खोकला अंजनाला माहीत होता. रोज सकाळी चूळ भरताना तो तिच्याच घशातून निघत असे. ‘या, रोकडेताई,’ मान वर न करता मोहसीन म्हणाले, ‘तुमचंच बघतोय. आवाज काय क्लिअर आलाय!’ अंजना नुसती हसली. इतकी वर्षं पायातल्या बुटांसारखा वापरलेला आवाज आज पहिल्यांदा समोरून चालत आला होता, आणि ती त्याला ओळख न देता शेजारून निघून जाणार होती. चहावर साय धरली होती. तिनं ती बोटानं बाजूला केली. आपण दुसऱ्याच्या घरात चोरून डोकावलो आणि आतल्या माणसानं नेमकं त्याच वेळी वर पाहिलं, असं काहीतरी तिला वाटत राहिलं.

कॅमेरे ठाण्यात आले त्या दिवशी सण होता. भलंमोठं खोकं, खोक्यात काळा जाड स्पंज, आणि स्पंजाच्या दोन खळग्यांत काड्यापेटीपेक्षा जरा मोठ्या अशा दोन वस्तू. छातीवर लावायच्या, समोर जे घडेल ते आवाजासकट टिपून घेणार. मोहसीनसाहेबांनी स्वतः नारळ फोडला. साहेब जुन्नरचेच, वयानं अंजनाच्या धाकट्या भावाएवढे, आणि यंत्राचं नाव निघालं की चेहऱ्यावर ईद उजाडायची. दोनांतला एक कॅमेरा सुरूच झाला नाही. तो जप्त केलेल्या पाण्याच्या पंपांशेजारी जाऊन बसला. सगळे कॅमेरे एकदम चार्ज करायचा डबा होता म्हणे, पण तो चुकून दुसऱ्याच ठाण्याला गेला होता आणि ते ठाणं तो सोडायला तयार नव्हतं. मग साहेबांनी आपल्या मोबाईलचं चार्जर दिलं. स्पंज मात्र उपयोगी पडला. महिला कक्षातल्या मोडक्या खुर्चीवर तो बरोबर बसला. ज्या ठाण्याची जीप सकाळी चौघांनी ढकलल्याशिवाय उठत नव्हती, जिथं छप्पर गळतं म्हणून कॉम्प्युटरवर पावसाळाभर खताची पिशवी पांघरलेली असायची, आणि जिथं बायकांच्या संडासाला कडी नव्हती म्हणून एकीनं आत जायचं आणि दुसरीनं बाहेर गाणं म्हणत उभं राहायचं, त्या ठाण्यात एवढी किमती वस्तू आली याचं अंजनाला हसूही येई आणि अभिमानही वाटे. टिपलेलं सगळं साठवायला कंपनीनं आभाळात जागा दिली होती. साहेब तिला क्लाऊड म्हणत. पहिली मुदत संपली आणि पुढचं भाडं वरून मंजूर होऊन येईना. ‘ढगाचं भाडं थकलंय, ताई,’ साहेब सांगत, आणि टिपलेलं सगळं ठाण्यातल्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर उतरवून घेत. तो लॅपटॉप लवकर भरायचा. म्हणून दर मंगळवारी, बेल्ह्याच्या सोमवारच्या बैलबाजाराचा बंदोबस्त आटोपल्यावर, साहेब बसून ठरवत, काय ठेवायचं आणि काय पुसायचं.

कॅमेरा अंजनाकडं आला, कारण दुसऱ्या कुणालाच तो नको होता. पट्टे पुरुषांच्या छातीच्या मापाचे. तिच्या अंगावर ते घसरत आणि कॅमेरा कधी आभाळ, कधी माणसांची पोटं टिपत राही. आईनं आपल्या बांगडीतली पिन काढून पट्ट्याला लावून दिली तेव्हा कुठं तो जागेवर राहिला. बाजारात त्याची गंमत झाली. बायका तिच्याशी बोलायच्या आधी पदर नीट करू लागल्या. एक दारुडा तिच्या छातीसमोर उभा राहून सगळा जन्म सांगून गेला आणि शेवटी सलाम ठोकून म्हणाला, ‘मुख्यमंत्र्यांना दाखवा.’ एका शेतकऱ्यानं तर बैल फिरवून त्याची चांगली बाजू कॅमेऱ्याकडं केली. अंजनाला हे सगळं आवडायचं. आपण स्वतः त्यात कुठंच नाही, असं तिला वाटत होतं. कॅमेरा बाहेर बघतो, ती त्याच्यामागं सुखरूप आहे. पण डोळा बाहेर बघत असला तरी कान चारी बाजूंना असतो, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

तिचा आवाज मुळात असा नव्हता. भरती झाली तेव्हा तो इतका बारीक होता की हजेरीला ‘हजर’ म्हणाली तरी पुन्हा नाव पुकारत. मग एका श्रावणात भीमाशंकरला बंदोबस्त लागला. पायऱ्यांवर माणसांची दाटी, धुकं इतकं की वरून खाली येणारी माणसं छत्रीसकट अचानक समोर उगवायची, ओल्या कपड्यांचा, बेलाचा, पेढ्यांच्या पाकाचा मिळून एक कोंदट वास. खालून लोंढा आला. वरून उतरणाऱ्यांना ते दिसत नव्हतं. अंजना हात पसरून ‘थांबा, थांबा’ म्हणत होती आणि कुणी तिच्याकडं बघतही नव्हतं. ती नव्हतीच जणू. तिच्या खांद्याला घासून एक म्हातारा खाली बसला, मग एक बाई कोलमडली, आणि तेव्हा अंजनाच्या पोटाच्या तळातून काहीतरी निघालं. शब्द कुठला होता ते तिला आजही आठवत नाही. तोंडात लोखंडाची चव आली होती एवढं आठवतं. आणि हेही, की सगळा जिना थांबला. धुक्यातली माणसं जागच्या जागी उभी राहिली आणि तिच्याकडं बघायला लागली. त्या दिवसापासून तो आवाज तिचा झाला. कमरेच्या पट्ट्याबरोबर सकाळी चढवायचा, संध्याकाळी उतरवून खुंटीला लावायचा. घरचा आवाज वेगळा. नवरा बुद्धभूषण कळंबच्या दूध डेअरीत होता, शांत माणूस. तो कधी गमतीनं म्हणायचा, ‘ड्यूटीवर असताना तुला फोन लावला की वाटतं, राँग नंबर लागला.’ तीही हसायची. घरात वापरायच्या चपला वेगळ्या, बाहेरच्या वेगळ्या, त्यात काय एवढं? पण साहेबांच्या दारात तो पहारीचा आवाज ऐकल्यापासून तिला वाटायला लागलं की खुंटीला लावलेली ती दुसरी बाई आपल्यापेक्षा पुष्कळ मोठी झाली आहे, आणि ठाण्यातली, बाजारातली, सगळ्या पंचक्रोशीतली माणसं ओळखतात ते तिलाच.

त्या मंगळवारानंतर ती हळू बोलायला लागली. मुद्दाम ठरवलं नव्हतं. छातीवरचा लाल ठिपका लागला की जीभ आपोआप पाय पुसून बाहेर यायची. ‘भाऊ, गाडी जरा बाजूला घेता का?’ असं एका टेम्पोवाल्याला म्हणाली तेव्हा त्यानं आधी मागं वळून बघितलं, कुणाला म्हणते ते. मग खाली उतरून काळजीनं जवळ आला. ‘बाई, बरं न्हाई का तुमाला?’ बाजाराच्या तोंडाशी शेंगा विकणारी जैबुन्निसाचाची तिला लहानपणापासून ओळखत होती. तिनं पिशवीतून ज्येष्ठमधाची काडी काढून हातावर ठेवली. ‘घसा बसला तुझा. चघळ ही. आणि आईसक्रीम खाऊ नको.’ ठाण्यात रोज हजेरी लावायला येणारा एक भुरटा चोर तर रडकुंडीलाच आला. ‘ताई, मोठी केस लावताय का माझ्यावर? खरं सांगा. एवढं गोड तुमी कवाच बोलत न्हाई.’ अंजनाला हसू आवरेना, पण आतून बरंही वाटेना. कारण हा हळू आवाजसुद्धा तिचा नव्हता. घरचा तर मुळीच नव्हता. दवाखान्यात रिपोर्ट घ्यायला गेल्यावर, खिडकीतल्या माणसाशी बोलताना निघतो, तसा हा कुठला तरी तिसराच होता. आपल्या घशात एवढ्या बायका भाड्यानं राहतात आणि मालकीण कोण ते ठाऊक नाही, असं तिला चालता चालता, भाकरी थापताना, कॉलरचा डाग घासताना वाटायचं.

मग तो सोमवार आला. बेल्ह्याचा बाजार चांगलाच फुलला होता. शिंगांना रंग दिलेले खोंड, नव्या वेसणी, शेणाचा उबदार वास, भज्यांच्या कढईतला धूर, आणि टेम्पोंच्या मागच्या फळ्यांवर खुरांचा धाडधाड आवाज. अंजना फाटकाशी उभी होती. पलीकडं एक व्यापारी दोन टेम्पोंच्या मधल्या मोकळ्या जागेत पाठमोरा उभा होता. पांढरेशुभ्र कपडे, एका कानाला फोन आणि दुसऱ्या कानात बोट. तो पारनेरकडचा कुशाबा, हे तिला नंतर कळलं. त्याच्या मागचा टेम्पो मागं यायला लागला. आत बैल भरलेले, चालकाला मागचं काही दिसत नव्हतं, आणि ‘येऊ दे’ म्हणणारा माणूस बैलाच्या दाव्याशी झटत होता. ‘अहो भाऊ,’ अंजना म्हणाली, ‘मागं बघा.’ तो आवाज तिच्या ओठांपासून हातभर गेला आणि धुळीत पडला. ‘भाऊ, मागं!’ टेम्पो येतच होता. ती पळाली. पळता पळता तिचा हात छातीकडं गेला आणि तिनं कॅमेऱ्याचं बटण दाबून धरलं, तो थरथरला. बंद झाला, आता कुणी ऐकत नाही. आणि मग ती ओरडली. पुढं सगळं एकात एक मिसळून गेलं: पांढरी पाठ, तिचा खांदा त्या पाठीवर आदळला, ब्रेकचा चिरका आवाज, कुशाबा शेणाच्या चिखलात आडवा, त्याचा फोन टायरखाली कुरकुरला. आणि भोवतीची माणसं हसली. खूप हसली. शेणानं माखलेल्या पांढऱ्या कपड्यांकडं बघून कुणालाही हसू आलं असतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी जुन्नरहून, उपविभागाच्या मोठ्या अधिकारी प्रतिभा मॅडमकडून निरोप आला. कुशाबानं तक्रार दिली होती: हवालदार बाईंनी भर बाजारात शिवी दिली आणि मारहाण केली. मोहसीनसाहेबांनी तिला समोर बसवलं. ‘काळजी करू नका, ताई. सोमवारची फाईल आहे आपल्याकडं.’ अंजना गोंधळली. ‘कसं शक्य आहे, साहेब? कॅमेरा बंद होता.’ ‘आहे म्हणतो ना. उघडायची नाही, मॅडमसमोरच उघडायची असं सांगितलंय. पण फाईलवरची वेळ बघता आधीचं काही नाही त्यात, एकदम घटनेपासून सुरू होते बहुतेक.’ मग दोघांनी कॅमेरा टेबलावर ठेवून बटण दाबून बघितलं, आणि अंजनाच्या लक्षात आलं. बॅटरी उतरत आली की उरलेली वाचवायला तो कॅमेरा आपला आपणच झोपी जायचा. त्या सकाळी तो आधीच झोपला होता, आणि तिनं बंद करायला म्हणून दाबलेल्या बटणानं तो थरथरून जागा झाला होता. जे कुणी ऐकू नये म्हणून ती धडपडली, नेमकं तेवढंच त्यानं ऐकून ठेवलं होतं. साहेब आवाज खाली आणून म्हणाले, ‘आधी बंद का होता विचारलं, तर बॅटरी गेली होती म्हणू. खोटं कुठाय त्यात?’ खोटं नव्हतंच. सहायक फौजदाराच्या बढतीची यादी निघायची होती, तिचं नाव त्यात असणार असं सगळे म्हणत होते. पण अंजनाला बढतीपेक्षा दुसरीच गोष्ट खात होती. आपण काय ओरडलो ते तिला आठवत नव्हतं. त्या माणसाला शेणात पाडल्यावर आपण लाथ तर नाही ना मारली? नसेल. असेलही. त्या दुसऱ्या बाईचा काय भरवसा? आणि सगळ्यांत आत, कुणाला सांगता न येण्यासारखं हे होतं की एक माणूस चिरडायच्या बेतात असताना आपला हात आधी बटणाकडं गेला होता.

रविवारी दुपारी आई वालाच्या शेंगा सोलत ओट्यावर बसली होती. चिमाबाईंचं वय झालं होतं, पण शेंग हातात आली की अजून डोळे मिटून सोलायच्या. अंजना शेजारी बसली आणि एकदम म्हणाली, ‘आई, मी लई ओरडते का गं?’ चिमाबाईंनी तिच्याकडं बघितलंही नाही. ‘ओरडतीस की. माझ्या बापाचा गळा आलाय तुझ्यात, भागूजीचा.’ आजोबांबद्दल अंजनानं थोडंफार ऐकलं होतं, पण गळ्याबद्दल नाही. ‘पार डोंगराला जायचा त्याचा आवाज,’ चिमाबाई म्हणाल्या. ‘गावची दवंडी तोच द्यायचा. चावडीवरनं सांगतील ते. कुणाचा सारा राहिला, कोण साहेब येणार, आमच्या लोकांनी कुठं जायचं न्हाई, ते बी त्यानंच वरडून सांगायचं, आपल्याच तोंडानं आपल्याच माणसास्नी. मग छप्पन साली धम्म घेतला आन् सोडून दिलं सगळं. गाव म्हणलं, भागूजी, आता दवंडी कोण देणार? तो म्हणला, ज्याला सांगायचंय त्यानं वरडावं.’ चिमाबाई हसल्या. दात नसलेलं, मोकळं हसू. ‘मग गप्प बसला?’ अंजनानं विचारलं. ‘गप्प? त्यो? आगं, वस्तीतल्या पोरास्नी शाळेत हाकलायला सकाळी वरडायचा. बुद्धवंदना म्हणायला लागला की चिमण्या उडायच्या. आता आपल्यासाठी वरडतो म्हणायचा.’ अंजनानं एक शेंग उचलून सोलायला घेतली. तो आवाज कुठल्याच यंत्रात नव्हता. आईच्या कानात होता, आणि आई म्हणते ते खरं असेल तर एका म्हाताऱ्या लॅपटॉपवर होता, शेणाच्या चिखलात पडलेल्या माणसाच्या फाईलमध्ये. तिच्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी, का कोण जाणे, खूप भूक लागली.

जुन्नरच्या कार्यालयात प्रतिभा मॅडमसमोर ते सगळे बसले. कुशाबा नव्या पांढऱ्या कपड्यांत, मांडीवर टोपी घेऊन, अंजनाकडं न बघता. साहेबांनी लॅपटॉप उघडला. आधी पडदाभर गुलाबी काहीतरी दिसलं; ती अंजनाची बोटं होती, बटणावरून दूर होणारी. मग जमीन हिंदकळायला लागली, एका शिंगाचं टोक गेलं, आणि पांढरी पाठ मोठी मोठी होत आली. त्या पाठीच्या मागून टेम्पोची नंबरपट्टीही मोठी होत येत होती. आणि आवाज आला. खोलीतल्या काचा वाजल्या असं अंजनाला वाटलं. ‘एऽऽ थांबव! सरक मुडद्या! मुडदा पडंल तुझा!’ मग धप्प, आभाळ, तिरकं झालेलं एक होर्डिंग, आणि अगदी जवळून एका बैलाच्या ओल्या नाकपुड्या. लोकांचं हसणं. आणि त्याच श्वासात, कुठंही न थांबता, तोच आवाज: ‘लागलं का? हात हलव. बोटं हलव बघू. अरे पाणी आणा कुणीतरी, सावली धरा. हसताय काय? तुमच्या घरचं असतं मंजी?’ अंजना कान देऊन ऐकत होती. ओरडणारी बाई कुठं संपते आणि बोटं हलव म्हणणारी कुठं सुरू होते, ते ती शोधत होती. तिला सांधा सापडला नाही. पहिला शब्द पहारीसारखा होता आणि शेवटचा पाण्यासारखा, पण घसा एकच होता, त्यातली धाप एकच होती. शेवटी तर ती बाई खोकलीही, ‘हंऽ’ करून.

‘मॅडम,’ कुशाबा म्हणाला, ‘पुन्यांदा लावा.’ पुन्हा लावलं. तो वाकून टेम्पोच्या नंबरपट्टीकडं बघत राहिला. ‘एवढा जवळ व्हता?’ त्यानं टोपीची घडी घातली, मोडली. ‘मला दिसलंच न्हाई हो. मला वाटलं, बाई उगं अंगावर आल्या. आन् खरं सांगू का, धक्का न्हाई लागला मला, ते लोकांचं हसणं लागलं. सोयरा उभा व्हता तिथं माझा.’ मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, ‘पण शिवी दिलेली आहे. ती तर स्पष्ट ऐकू येते.’ ‘शिवी कसली, मॅडम?’ कुशाबा म्हणाला. ‘खबर दिली त्यांनी मला.’ मोहसीनसाहेबांना ठसका लागला. मॅडमनी खिडकीबाहेर बघून घेतलं आणि मग पुन्हा चेहरा बसवला. ‘तक्रारीचं झालं. आता मला सांगा, रेकॉर्डिंग इथूनच का सुरू होतं? बंदोबस्तावर कॅमेरा सकाळपासून सुरू असायला हवा.’ साहेब चटकन पुढं झाले. ‘मॅडम, बॅटरीचा प्रॉब्लेम आहे. चार्जिंगचा डबा आपल्याला—’

‘बॅटरी गेलीच होती,’ अंजना म्हणाली. तिला आपलाच आवाज ऐकू आला. मोठा नव्हता, बारीकही नव्हता. ‘पण मला ते माहीत नव्हतं, मॅडम. सुरू आहे असं समजून मी तो बंद करायला बटण दाबलं होतं. उलटं झालं.’ साहेबांनी डोळे मिटले. ‘बंद का करायचा होता?’ ‘मला ओरडायचं होतं.’ हे असं ऐकायला किती वेड्यासारखं वाटतं, हे तिला बोलल्यावर कळलं, पण आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता. ‘एक दिवस साहेबांच्या खोलीत मी माझा आवाज ऐकला. मला तो ऐकवला नाही. तेव्हापासून कॅमेऱ्यासमोर ओरडायची लाज वाटत होती.’ मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, ‘माझा व्हिडिओ कुणी पाठवला की मी न बघता पुसते. आवाज बेडकासारखा येतो माझा.’ आणि लगेच टेबलावरचा पेपरवेट उगाच सरळ करत कोरड्या सुरात पुढं, ‘तुम्हाला लेखी ताकीद मिळेल. कॅमेरा बंद करायचा नाही. बढतीच्या यादीवर त्याचा परिणाम व्हायचं कारण नाही, पण ताकीद मिळेल. आणि ओरडायचं असेल तेव्हा ओरडायचं. कळलं? शेख, ही फाईल जपून ठेवा.’ ‘जागा नाही, मॅडम.’ ‘क्लाऊड?’ ‘भाडं अजून मंजूर नाही.’ मॅडमनी कपाळ चोळलं. ‘मग दुसरं काही पुसा.’ ‘एकदा कॅमेरा खुंटीवर चालूच राहिला होता,’ साहेब म्हणाले, ‘त्यात नुसती भिंत आणि एक पाल आहे. बराच वेळ आहे.’ ‘पाल पुसा,’ मॅडम म्हणाल्या, आणि बैठक संपली.

बाहेर ऊन स्वच्छ पडलं होतं. अंजनाला हलकं वाटत होतं, आणि अंगात एक विलक्षण खाज सुटल्यासारखं. धावावं, काहीतरी उचलावं. कुशाबानं जाता जाता तिला नमस्कार केला. ‘बाई, येत्या सोमवारी चहा माझ्याकडं. आन् फोनचं सोडून द्या, जुनाच व्हता.’ तो आपल्या टेम्पोत चढला आणि टेम्पो गल्लीच्या तोंडाशी जाऊन अडकला. समोर टोमॅटोच्या क्रेटांची ट्रॉली, तिच्या शेजारी शाळेच्या मुलांनी भरलेली रिक्षा, दोघांच्या मध्ये कुणाची तरी वाकडी लावलेली मोटारसायकल, आणि सगळे मिळून हॉर्न वाजवत होते. कॅमेरा साहेबांच्या बॅगेत चार्जरला चिकटून झोपला होता. हद्द तिची नव्हती, बंदोबस्तही तिचा नव्हता. अंजनानं पाय रोवले. पोटाच्या तळाशी तो आवाज आधीच येऊन उभा होता, दार उघडायची वाट बघत. ‘ओ ट्रॉलीवाले भाऊऽऽ! मागं घ्या! रिक्षा, जागेवर! ती मोटारसायकल कुणाची हाय, उचला राव, पोरं उन्हात तापली!’ दुकानदार बाहेर आले. माडीवरच्या खिडकीचा पडदा सरकला. रिक्षातली पोरं चिडीचूप झाली आणि मग एका पोरीनं टाळ्या वाजवल्या. ट्रॉली हलली. टेम्पोच्या खिडकीतून कुशाबानं डोकं बाहेर काढलं. ‘बाई, हळू! कान फाटले की!’

‘अजून सुरुवात हाय, भाऊ,’ अंजना म्हणाली, आणि मोटारसायकलवाल्यासाठी तिनं पुन्हा छातीभर श्वास घेतला.